खुब्याचा नवा सांधा आणि हालचालीचे पथ्य

शरीराचा भार पेलणाऱ्या सांध्यांमध्ये खुब्याचा सांधा हा सर्वांत खोल बसलेला व अत्यंत भक्कम असा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कमरेच्या हाडातील वाटीत नेमके बसलेले असते. या दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. या रचनेमुळेच पाय पुढे, मागे व बाजूला नेता येतो, आत-बाहेर वळविता येतो आणि माणसाला उकिडवे किंवा मांडी घालून बसता येते. हे अस्तर झिजले, अथवा गोलकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन आतले हाड मृत झाले, म्हणजे प्रत्येक पाऊल वेदनेचे होते. औषधे व काठी यांनी भागेनासे झाले की झिजलेला गोलक व वाटी काढून तेथे कृत्रिम सांधा बसवितात.

शस्त्रक्रिया साधारणपणे एक-दोन तासांत आटोपते. परंतु तिने रुग्णाला केवळ सांधा मिळतो, चाल मिळत नाही. चाल रुग्णाला स्वतःच पुढील काही महिन्यांत कमवावी लागते. ती कशी कमवावी, कोणती हालचाल करावी व कोणती टाळावी, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका

कृत्रिम खुब्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यवैद्य थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंती सांध्यांचे प्रयोग केले होते. मात्र ही शस्त्रक्रिया भरवशाची झाली ती इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयातील सर जॉन चार्नली यांच्यामुळे. त्यांनी प्रथम टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या काही वर्षांतच झिजून गेल्या आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. या अपयशाने खचून न जाता चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये अतिघन पॉलिथिलीनची वाटी आणि सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा धातूचा लहान गोलक यांची जोडी वापरावयास आरंभ केला. गोलक लहान असल्याने घर्षण कमी झाले आणि सांधा टिकू लागला. आजच्या कृत्रिम खुब्याचा मूळ आराखडा हाच आहे.

एक गोष्ट मात्र त्या काळापासून पार बदलली आहे. पूर्वी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दीर्घकाळ अंथरुणावर ठेवीत. आता बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. पडून राहिल्याने पायातील शिरांत रक्त गोठण्याची भीती वाढते, फुप्फुसांत कफ साचतो आणि आधीच दुबळे झालेले स्नायू अधिक दुबळे होतात, हे अनुभवाने व अभ्यासाने सिद्ध झाले आहे. तथापि "ऑपरेशन झाले आहे, आता पडून राहा" हा घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रेमळ आग्रह अजून ओसरलेला नाही.

रायपूरचा संदर्भ

छत्तीसगडची राजधानी रायपूर येथे या प्रश्नाला एक वेगळे परिमाण आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल व पुढे मध्यप्रांत या दुव्यांमुळे या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९६३ साली स्थापन झालेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, त्याला संलग्न असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था यांमुळे हे शहर आसपासच्या जिल्ह्यांचे मोठे उपचारकेंद्र झाले आहे.

खुब्याची शस्त्रक्रिया म्हटली की साठी-सत्तरी ओलांडलेला रुग्ण डोळ्यांपुढे येतो. न्हाणीघरात पाय घसरून मांडीच्या हाडाची मान मोडलेली आजी हे सर्वत्र दिसणारे चित्र येथेही आहे. परंतु छत्तीसगडात त्याच्या जोडीला विशी-तिशीतला रुग्णही असतो. याचे एक प्रमुख कारण सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार होय. मध्य भारतात, म्हणजे छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा व विदर्भ या पट्ट्यात, आदिवासी तसेच अनेक कृषक समाजांत तो आढळतो. या विकारात प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोलकाचा रक्तपुरवठा मुळातच मोजक्या वाहिन्यांवर अवलंबून असल्याने तेथील हाड लवकर मृत होते व भाराखाली खचते. या विकाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तिने २०४७ हे उद्दिष्ट-वर्ष ठरविले आहे. सिकलसेलखेरीज दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे व अतिमद्यपान यांनीही गोलक असाच मृत होतो.

अशा तरुण रुग्णापुढचा प्रश्न वृद्धाहून निराळा असतो. आजीला घरात हिंडता-फिरता आले, देवळापर्यंत जाता आले की समाधान असते. तरुणाला त्या पायावर संसार उभा करावयाचा असतो. पहिला हालचालीला भितो, दुसरा हालचालीची घाई करतो. दोघांनाही एकच गोष्ट समजून घ्यावी लागते: नव्या सांध्याला विश्रांतीने संरक्षण मिळत नाही आणि साहसानेही बळ मिळत नाही. त्याला मापून दिलेली, रोज वाढत जाणारी हालचाल हवी असते.

पहिले सहा आठवडे

व्यायामाचा आरंभ अंथरुणातच होतो. पाऊल घोट्यातून वर-खाली हलविणे, गुडघा गादीवर दाबून मांडीचा स्नायू आवळणे, नितंबाचे स्नायू आवळून सैल सोडणे, टाच गादीवरून सरकवीत गुडघा बेताने वाकविणे हे व्यायाम दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे करावयाचे असतात. पहिल्याने रक्ताभिसरण सुधारते, बाकीच्यांनी उभे राहण्याची ताकद येते. त्यानंतर वॉकर घेऊन उभे राहणे, खोलीत चार पावले टाकणे, मग ओसरीपर्यंत जाणे, असा क्रम असतो.

जिन्यासाठी एक नियम ध्यानात ठेवावा. चढताना निरोगी पाय आधी टाकावा. उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय व काठी आधी खाली न्यावी. शरीर उचलण्याचे व सावरण्याचे कष्टाचे काम अशा रीतीने दोन्ही वेळा निरोगी पायाकडे राहते.

काठी कोणत्या हातात धरावी याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरणे स्वाभाविक वाटते, पण ते चूक आहे. चालताना एका पायावर भार आला की शरीराचे वजन खुब्याच्या आतल्या बाजूला ओढ घेते, आणि कमर तोलून धरण्यासाठी बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना फार मोठे बळ लावावे लागते. परिणामी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार पडतो. काठी विरुद्ध हातात धरली तर ती हा तोल सांभाळण्यात स्नायूंना साहाय्य करते व सांध्यावरचा भार पुष्कळ हलका होतो. काठीची लाज वाटून ती लवकर टाकणारे रुग्ण लंगडत चालतात. ती लंगडण्याची सवय पुढे मोडणे अवघड जाते.

जमिनीवरचे जीवन

पाश्चात्त्य पुस्तकांतील सूचना आपल्याकडे जशाच्या तशा लागू करता येत नाहीत. तेथील माणसाचे दैनंदिन जीवन खुर्चीवर चालते, आपले बरेचसे जमिनीवर. पाटावरची पंगत, मांडी घालून केलेली पूजा, उकिडवे बसण्याचा संडास, वडीलधाऱ्यांना वाकून केलेला नमस्कार या सर्वांत खुबा खोल वाकतो. विशेषतः सांधा मागील बाजूने उघडून शस्त्रक्रिया केली असेल तर खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकविणे, पायावर पाय टाकणे आणि पाऊल आत वळविणे या तीन हालचालींनी नवा गोलक वाटीतून निसटण्याची शक्यता असते. स्नायू व आवरणे भरून येईपर्यंत, म्हणजे साधारणपणे पहिले सहा ते बारा आठवडे, ही शक्यता विशेष असते. समोरून केलेल्या शस्त्रक्रियेचे निर्बंध निराळे असतात, आणि अलीकडे काही शल्यवैद्य हे निर्बंध बरेच शिथिलही करतात. म्हणून शेजाऱ्याला सांगितलेले पथ्य आपलेसे न करता स्वतःच्या शल्यवैद्याला विचारावे.

घरातील बदल रुग्ण परतण्यापूर्वीच करून ठेवणे इष्ट. खुर्ची हात असलेली व इतकी उंच असावी की बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत. संडासात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची वापरावी व भिंतीला धरण्यासाठी दांडा बसवावा. न्हाणीघरातील शेवाळ काढावे, सतरंज्या व पायपुसणी उचलावीत, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी. रिक्षात बसताना आधी पाठमोरे होऊन आसनावर टेकावे, मग पाय आत घ्यावेत.

हे बदल दिसावयास किरकोळ असले तरी घरातल्या माणसांच्या मनाला ते जड जातात. आजोबांनी खुर्चीवर बसून पूजा करावी, सुनेने नमस्कार करताना वाकू नये, हे प्रथम खटकते. पण त्या खुर्चीमुळेच आजोबांची पूजा सुटत नाही. जोडलेले हात हा नमस्कारच असतो.

काम आणि उत्पन्न

छत्तीसगड हे भाताचे कोठार म्हणून ओळखले जाते. रोवणी म्हणजे चिखलात पाय रोवून दिवसभर कमरेत वाकण्याचे काम. ज्याच्या खुब्यात कृत्रिम सांधा आहे त्याला ते करता येणार नाही, हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट सांगितले पाहिजे. चिखलात घसरलेला पाय, जड पोते उचलणे, उंचावरून उडी मारणे यांनी सांध्यावर अचानक प्रचंड भार येतो. सांध्यातच मोजयंत्रे बसवून केलेल्या जर्मनीतील संशोधनात असे दिसून आले की, संथ चालताना जो भार वजनाच्या अडीच पटींच्या आसपास असतो तो नुसते अडखळल्याने आठपटींहूनही वर जाऊ शकतो.

याचा अर्थ काम सुटले असा नव्हे. बैठे काम बहुतेकांना सुमारे दीड-दोन महिन्यांत जमते; उभ्याने करावयाच्या हलक्या कामास साधारण तीन महिने लागतात. दुकान सांभाळणे, शिवणकाम, शेतीची देखरेख व हिशेब, शाळेत शिकविणे ही कामे अशा रुग्णाला वर्षानुवर्षे करता येतात. कुटुंबाने कामाची वाटणी नव्याने करणे हाही उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

सिकलसेलच्या रुग्णाची अधिक काळजी

या रुग्णांत जंतुसंसर्ग व सांधा ढिला होणे यांचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रक्तविकार-तज्ज्ञाचे मार्गदर्शन घेणे यास्तव अत्यावश्यक आहे. शरीरातील पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा दमछाक झाली की पेशी विळ्याचा आकार घेऊन तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. रायपूरचा उन्हाळा कडक. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. म्हणून चालण्याचा व्यायाम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावा आणि पाणी भरपूर प्यावे. हायड्रॉक्सीयुरियासारखे नियमित औषध सांधा बदलला म्हणून आपल्या मनाने बंद करू नये, कारण मूळ विकार रक्तात असतो आणि दुसरा खुबा अजून त्याच रक्तावर जगत असतो.

पुढील वर्षे

तीन महिन्यांनंतर बहुतेकांची चाल सुधारते, पण स्नायूंचे बळ वर्षभर वाढत राहते. सपाट रस्त्यावर चालणे, पोहणे व एका जागी ठेवलेली सायकल चालविणे हे व्यायाम उत्तम. तेलीबांधा तलावाभोवतीची वाट अशा फेरफटक्याला सोयीची आहे. खेळाडूंची उदाहरणे वृत्तपत्रांत येतात: अमेरिकेचे बो जॅक्सन १९९३ साली कृत्रिम खुब्यासह व्यावसायिक बेसबॉल खेळले, आणि ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरे यांनी जानेवारी २०१९ मध्ये गोलकावर धातूचे आवरण बसवून घेतल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकली. या उदाहरणांनी धीर यावा. परंतु त्यांच्यामागे तज्ज्ञांचे पथक व असामान्य स्नायुबल होते, हे विसरू नये.

सांधा किती टिकतो, हा प्रश्न तरुण रुग्ण नेहमी विचारतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. पंचविशीत शस्त्रक्रिया झालेल्याला आयुष्यात पुन्हा एकदा सांधा बदलावा लागण्याची शक्यता म्हणूनच गृहीत धरावी लागते. वजन आटोक्यात ठेवणे, उड्या व धावणे टाळणे आणि त्रास नसतानाही ठरल्या वेळी क्ष-किरण तपासणी करून घेणे हे त्याच्या हातचे उपाय होत.

काही लक्षणे दिसताच मात्र विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पोटरी सुजणे व दुखणे, एकाएकी धाप लागणे किंवा छातीत कळ येणे, ताप येऊन जखमेतून स्राव वाहणे, खुब्यात अचानक तीव्र कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, ही ती लक्षणे होत. सांधा बसवून कित्येक वर्षे लोटल्यावरही शरीरात अन्यत्र झालेला जंतुसंसर्ग रक्तावाटे तेथे पोहोचू शकतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्या शरीरात कृत्रिम सांधा आहे, हे प्रथम सांगावे.

रुग्णाने आणि घरच्यांनी पहिल्या दिवसापासून एक लहानशी वही ठेवावी. आज किती पावले चाललो, कोणते व्यायाम केले, दुखणे कितपत होते आणि रात्री झोप लागली का, एवढेच तीत लिहावे. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. पहिल्या आठवड्यात खोलीच्या दारापर्यंत जाताना थकलेला माणूस तिसऱ्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येतो, ही प्रगती रोजच्या रोज जाणवत नाही; वहीची पाने उलटली की ती दिसते.