मोबाईलवरची बँक आणि आपली माणसे
(कार्यकर्त्यांसाठी अभ्यासपाठ)



रोवणीच्या दिवसांत मी साकोली तालुक्यातील एका गोंड वस्तीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. एका आजीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ताई, मले वाचता येत नाही. तूच दाब." मी पिन विचारला, दाबला आणि शिल्लक वाचून दाखवली. आजीचे समाधान झाले. परत येताना मात्र मन खाऊ लागले. पिन दुसऱ्याला सांगायचा असतो, हे आज मीच तिला शिकवले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन तो बदलून घेतला. तेव्हा कळले की आजीला अक्षरे येत नसली तरी आकडे येतात. नवा पिन तिने स्वतःच दाबला, मी तोंड फिरवून उभी राहिले.

"अडाणी आहेत म्हणून जमत नाही," असे आपण सहज म्हणतो. खरे तर मोबाईलवरची बँक वाचता येणाऱ्या, नजर चांगली असणाऱ्या आणि स्वतःचा फोन बाळगणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. आपली माणसे तशी नसतील, तर प्रत्येकाला जमेल ती वाट शोधणे हे आपले काम आहे.

1. वृद्ध व कष्टकरी. आधारवरून पैसे काढायला फोन लागत नाही, अंगठा लागतो. पण रोवणी, तेंदूपाने आणि मातीकाम यांनी बोटांच्या रेषा झिजतात. अंगठा जुळला नाही तर दुसरी बोटे लावून पाहावीत. तरीही जमले नाही तर पासबुक घेऊन शाखेत जावे. अंगठा म्हणजे सही. "लागला नाही, पुन्हा लावा" असे कोणी म्हटले, तर आधी पावती किंवा शिल्लक पाहावी.

2. स्त्रिया. 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा 1,500 रुपये 2024 पासून आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले. अनेकींची दोन खाती असतात आणि पैसे कोणत्या खात्यात आले हेच कळत नाही. खात्याला नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असेल, तर बँकेचा निरोपही त्यालाच जातो. म्हणून पहिला प्रश्न विचारावा: "खात्याला नंबर कोणाचा?"

3. साधा फोन असणारे. इंटरनेट नसले तरी *99# लावून शिल्लक पाहता येते, पैसे पाठवता येतात. ही सोय मराठीतही आहे. 8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी 'यूपीआय 123 पे' सुरू केले. दोन्हींसाठी फोन नंबर खात्याशी जोडलेला हवा.

4. तरुण. यांची बोटे भरभर चालतात आणि धोकाही तिथेच असतो. बक्षीस, नोकरी, कर्ज असे काही दिसले की घाईने पिन दाबला जातो. एक नियम पाठ करून घ्यावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. फसवणूक झाल्यास लाजून बसू नये, ताबडतोब 1930 वर आणि बँकेला कळवावे.

शिकवताना एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी. फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा. आपण केले तर पाच मिनिटांत होते, त्यांनी केले तर अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यावा.

गटात विचार करा:
- आपल्या गावात किती स्त्रियांच्या खात्याला त्यांचा स्वतःचा नंबर आहे?
- कोणाचा पिन आपल्याला ठाऊक आहे? तो केव्हा बदलून घेणार?
- आपण नसताना ही माणसे आपले पैसे स्वतः पाहू शकतील का?