क्रूसापाशी गळून पडलेले ओझे



आज एका बॅप्टिस्ट लेखकाची ओळख करून घेऊ या. जॉन बन्यन यांचा जन्म १६२८ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी झाला. फुटक्या भांड्यांना डाग देणे हा घरचा धंदा, शिक्षण जेमतेम. पुढे श्रद्धा जागी झाली आणि ते प्रवचने करू लागले. सरकारमान्य चर्चच्या परवानगीशिवाय प्रवचन करणे तेव्हा गुन्हा होता. १६६० मध्ये त्यांना अटक झाली. 'यापुढे प्रवचन करणार नाही' एवढे कबूल केले असते, तर सुटका होती. घरी चार मुले, थोरली मेरी आंधळी. तिच्या काळजीने बाप व्याकूळ होई. पण शब्द दिला नाही. बारा वर्षे तुरुंगात नाड्या बनवून त्यांनी संसाराला हातभार लावला.

१६७८ साली त्यांचा 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हा ग्रंथ निघाला. हरी केशवजी यांनी तो 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणला. पाठीवर पापाचे ओझे घेतलेला एक यात्रेकरू स्वर्गीय नगरीकडे निघतो. क्रूसापाशी येताच ते ओझे आपोआप गळून पडते. पण यात्रा तिथे संपत नाही, हे विशेष. पुढे तो निराशा नावाच्या राक्षसाच्या कोठडीत सापडतो. मार खातो, जीव नकोसा होतो. मग अचानक आठवते, 'वचन' नावाची किल्ली तर आपल्या उराशीच आहे! त्या किल्लीने कुलूप उघडते.

या ग्रंथात पोप महोदयांना गुहेत बसलेला जर्जर राक्षस म्हटले आहे. वाचताना आपल्याला ते बोचते. तो काळच परस्परद्वेषाचा होता आणि त्यात आपल्या लोकांचाही दोष होता. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात दोन्ही बाजूंचा दोष मान्य केला व विभक्त बंधूंच्या ठायी असलेल्या चांगल्याचा आदर करायला शिकवले. बन्यन यांनीही १६७३ मध्ये आपल्याच लोकांना बजावले होते की, स्नानसंस्काराविषयीच्या मतभेदामुळे कोणाला प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये.

आपल्यापैकी कितीजण कर्ज, आजार, घरातला अबोला अशा कोठडीत आहेत! प्रायश्चित्त संस्कारात ओझे उतरते, तरीही निराशा गाठते. तेव्हा किल्ली बाहेर शोधू नका.

घरी विचार करा : प्रभूचे कोणते वचन मला पाठ आहे? या आठवड्यात ते मी कोणत्या खचलेल्या माणसाला सांगेन?

तुमचा धर्मगुरू