बेल्जियन बिअरची डच नावे : एक उच्चारपाठ

वार्षिक अंकात बिअरवरचा लेख पाहून काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगून टाकतो : बाटलीतल्या द्रवाशी मला कर्तव्य नाही, लेबलावरच्या अक्षरांशी आहे. ही डच नावे आपण इंग्रजीच्या वाटेने उच्चारतो आणि ती वाट मराठी माणसाला उगाच लांबची पडते. डचमधले बरेचसे ध्वनी आपल्या तोंडात जन्मापासून आहेत. उरलेल्या तीन-चारांसाठी थोडी मेहनत घ्यावी लागते, इतकेच.

प्रथम एक खुलासा. 'बेल्जियन' नावाची भाषा नाही. उत्तरेस फ्लँडर्समध्ये डच, दक्षिणेस वालोनियात फ्रेंच, पूर्वेच्या लहानशा पट्ट्यात जर्मन, आणि ब्रुसेल्स अधिकृतरीत्या द्विभाषिक. ही भाषासीमा १९६२-६३ च्या कायद्यांनी आखली, तरी वाद मिटला नाही. लोव्हनच्या जुन्या विद्यापीठातील फ्रेंच विभाग डच मुलखातून हलवावा म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यापायी सरकार कोसळले. पुढे विद्यापीठाचीच वाटणी झाली. अशा देशात डच गावाचे नाव फ्रेंच थाटात घेतले, तर ऐकणाऱ्याला ते कुठेतरी लागते. 'पूना' ऐकून आपल्याला लागत असे, तसेच.

म्हणून बाटली हाती आली की आधी गाव पाहावे. ऑर्व्हाल, शिमे, रोशफोर, लेफ ही वालोनियातली; तेथे फ्रेंच उच्चारच योग्य. स्टेला आर्त्वा लोव्हनची, म्हणजे डच मुलखातली. पण आर्त्वा हे अठराव्या शतकातल्या मालकाचे फ्रेंच आडनाव, आणि डच माणूसही ते तसेच उच्चारतो.

आता भारतातही मिळणारे नाव घेऊ. आपण म्हणतो 'होगार्डन'. डचमध्ये 'ओ' आणि 'ई' ही अक्षरे जोडीने आली की उच्चार 'ऊ' होतो. तेव्हा सुरुवात 'हू' अशी. हा 'ह' अगदी आपल्या 'हळद'मधला. इंग्रजांचा 'ह' म्हणजे नुसता श्वास. आपल्या आणि त्यांच्या 'ह'ला कंठात कंप असतो. गळ्यावर बोट ठेवून पाहावे. पुढचा 'ग' मात्र आपला नाही. 'ग़ालिब' नीट म्हणणाऱ्याला तो जमेल. फ्लँडर्सचे लोक तो हॉलंडवाल्यांसारखा घशात खरवडत नाहीत, बराच मऊ ठेवतात. त्यानंतरचा 'ड' दातांकडे झुकलेला, म्हणजे आपल्या 'द'ला जवळचा.

राहिले शेवटचे 'एन'. येथे मराठी माणसाला घरचाच दाखला आहे. आपण लिहितो 'गाणे' आणि बोलतो 'गाणं'. डच माणूस 'एन' लिहितो आणि बोलताना त्यातला 'न' बहुधा गिळून 'गाणं'च्या शेवटी येतो तसा 'अ' काढतो. एकूण झाले : हूग़ारदं. नुसत्या 'ई'ने संपणाऱ्या नावांतही हाच स्वर. अँटवर्पजवळच्या ट्रॅपिस्ट मठाची बिअर 'वेस्टमॅली' नाही, 'वेस्तमालं' आहे, आणि त्यातला 'मा' आखूड. इंग्रजाला हा शेवटचा 'अं' शिकवावा लागतो. आपण तो दिवसभर वापरतो. फक्त कागदावर तो टिंब देऊन येतो म्हणून ओळखू येत नाही.

'व' आणि 'व्ह' हा भेदही आयता उपयोगी पडतो. डबल्यूला आपला 'व', व्हीला 'व्ह'. पण सिंट-सिक्स्टस मठाची प्रसिद्ध बिअर घ्या. त्या गावाच्या नावात 'वेस्त'च्या पुढे 'व्ह' येतो, आणि अघोष 'त'च्या शेजारी तो 'फ' होतो : वेस्तफ्लेतरं. संधिप्रकरण पाठ केलेल्यांना यात नवल वाटू नये. शब्दाच्या शेवटी येणारा 'द'ही कठोर होतो. 'जुना' या अर्थाचा शब्द लिहितात 'औद' आणि बोलतात 'औत'. संस्कृतातल्या सुहृद्-चे सुहृत् होते, तोच प्रकार.

खरी मेहनत स्वरांची. १९२३ साली एका बिअरला 'सैतान' या अर्थाच्या बोलीतल्या शब्दावरून नाव मिळाले. तिची चव घेऊन एक चांभार तसे उद्गारला, अशी आख्यायिका आहे. आपण तिला 'ड्यूव्हेल' म्हणतो. त्यातला पहिला स्वर असा साधावा : तोंडात 'ई' म्हणत राहायचे आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ'सारखे करायचे. जोर पहिल्या अवयवावर, शेवट 'व्हल'. हीच युक्ती 'ए' आणि 'ओ' यांच्यावर केली की ब्रुसेल्सच्या आसपास होणाऱ्या आंबट 'ग़ोझं'मधला स्वर मिळतो. आणि लोव्हनमधला पहिला स्वरही तोच. देवनागरीत त्याला अक्षर नाही, त्यामुळे मी वर लिहिलेले 'लोव्हन' आणि 'ग़ोझं' अर्धेच खरे. त्या भागातल्या 'क्रीक'ला मात्र काही कष्ट नाहीत. तो आंबट चेरीला डच शब्द, आणि 'आय-ई' या जोडीचा उच्चार सरळ 'ई'.

आडनावांत जुने लेखन टिकून असते, हेही ध्यानात ठेवावे. 'डुशेस द बुर्गोन्य' ही बिअर फ्रेंच नावाची, पण करणारे घराणे फ्लेमिश. त्यांच्या आडनावात 'ए-ई' दिसते त्याचा 'आ' करायचा आणि 'जी'पुढचा 'एच' विसरून जायचा : व्हरहाग़ं.

शेवटी सरावासाठी ब्रुग्गं शहराची बिअर, 'ब्रुख़्सं झॉत'. येथे 'स'च्या संगतीने 'ग़'चा 'ख़' झाला आहे. 'ब्रु'तला स्वर आखूड, 'अ' आणि 'उ' यांच्या मधला. आणि 'झॉत'चा 'झ' आपल्या 'जरा'मधल्या 'ज'सारखा. अर्थ आहे 'ब्रुग्गंचा वेडा'. आख्यायिका अशी की, नगरवासीयांनी सम्राट मॅक्सिमिलियनकडे वेड्यांच्या इस्पितळासाठी परवानगी मागितली, तेव्हा तो म्हणाला, शहराच्या वेशी लावून घ्या, झाले इस्पितळ.