उद्योगात छंद हवा, अहंकार नको



आपल्यापैकी कित्येक घरांत आज प्रथमच कोणी दुकान घातले आहे, कोणी पिठाची गिरणी, कोणी शिलाईयंत्र. आपल्या बहुतेक वाडवडिलांना गल्ल्यावर कोणी बसूच दिले नाही. म्हणून धंद्याचे वळण आपणांस घरातून मिळालेले नाही. ते शिकावे लागेल. भांडवल, माल, जागा यांविषयी सल्ला देणारे भेटतात. धंदा चालविणाऱ्या मनाविषयी मात्र कोणी बोलत नाही. या पाठात त्याचाच विचार करू.

साधनेत यश मिळण्यासाठी तथागतांनी चार इद्धिपाद सांगितले आहेत : छंद, विरिय, चित्त आणि वीमंसा. छंद म्हणजे कामाची मनापासून ओढ. विरिय म्हणजे नेट. चित्त म्हणजे एकाग्रता. वीमंसा म्हणजे आपले काम आपणच तपासून पाहणे. हे साधनेविषयी सांगितले असले तरी दुकानालाही लागू पडते. ओढ नसेल तर पहाटे उठून दुकान उघडणार कोण? पण खाटेचा चौथा पाय मोडला की खाट कलंडते. तसेच वीमंसा सुटली की छंदाची आसक्ती होते. ‘काम चांगले व्हावे’ असे म्हणणारे मन ‘माझेच खरे व्हावे’ असे म्हणू लागते.

याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. साध्या माणसाला परवडेल अशी मोटार करावी, हा त्यांचा ध्यास. १९१३ साली त्यांनी कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू केली. पूर्वी सांगाडा जुळवायला बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो सुमारे दीड तासावर आला. किंमत उतरत गेली. एकूण दीड कोटी गाड्या निघाल्या. हा छंदाचा आणि विरियाचा विजय होता.

पुढे लोकांच्या गरजा बदलल्या. जनरल मोटर्स या कंपनीने निरनिराळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या गाड्या, रंग आणि हप्त्यांची सोय दिली. फोर्ड मात्र आपल्या लाडक्या गाडीला चिकटून राहिले. १९१४ ते १९२५ ती फक्त काळ्या रंगात मिळे. जानेवारी १९२६ मध्ये अर्नेस्ट कॅन्झलर या अधिकाऱ्याने लेखी टिपण देऊन नव्या गाडीची गरज सांगितली. त्याच वर्षी त्याला कंपनीतून जावे लागले. अखेर मे १९२७ मध्ये मॉडेल टी बंद करावी लागली. नवी गाडी तयार नव्हती. उत्पादन कित्येक महिने थांबले आणि हजारो कामगार घरी बसले. खरे सांगणाऱ्याला दूर केले, तरी खरे टळले नाही.

फोर्ड यांच्यापाशी अफाट पैसा होता, म्हणून ते सावरले. आपले लहान दुकान अशा एका हट्टानेही बसते.

अहंकाराला पालीत ‘मान’ म्हणतात. तो तीन प्रकारचा : मी इतरांहून श्रेष्ठ, मी इतरांसारखाच, आणि मी इतरांहून हीन. वाचकहो, तिसऱ्या प्रकाराकडे नीट पाहा. स्वतःला हीन मानणे हीदेखील ‘मी’चीच चिंता होय. चार लोकांनी ‘शेठ’ म्हणावे म्हणून उधारी वाढविणारा, आणि लाजेने ती मागू न शकणारा, दोघेही मानाचेच कैदी असतात.

मी स्वतः यातून गेलो आहे. माझा धाकटा भाऊ सायकलदुरुस्तीचे दुकान चालवीत असे. मी घरातला पहिला पदवीधर. हिशेब मी पाहू लागलो. गिऱ्हाईक ट्यूब-टायर मागे. मी कर्जाने चकचकीत घंट्या आणि सीटकव्हरे आणली. माल पडून राहिला. चूक कबूल करण्याऐवजी मी गिऱ्हाइकांसमोर भावावर ओरडलो. संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, “दादा, तू मास्तर आहेस खरा, पण गिऱ्हाईक काही तुझा विद्यार्थी नव्हे.” शाळेने आणि विद्यापीठाने जे शिकविले नाही, ते त्या एका वाक्याने शिकविले. कर्ज फेडायला मात्र दोन वर्षे लागली.

मग उपाय काय? अंगुत्तर निकायातील पापणिक सुत्तात तथागतांनी दुकानदाराचाच दाखला दिला आहे. चांगला दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कामात लक्ष घालतो. तो डोळस असतो. माल केवढ्याला घेतला, केवढ्याला विकला तर किती सुटेल, हे जाणतो. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी, आणि चौथा संकटासाठी राखून ठेवावा. वही ‘मी’ला ओळखत नाही, म्हणून रोज रात्री ती उघडा. घरातील स्त्रीला आणि मोठ्या मुलांना ती दाखवा. चूक दाखवील त्याचे आभार माना.

या पंधरवड्यात कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा :

१. आपल्या धंद्यात केवळ हट्टाने चालू ठेवलेली गोष्ट कोणती?
२. खरे सांगणाऱ्या कोणाला आपण गप्प बसविले?
३. लाजेने कोणती उधारी मागायची राहिली आहे?

उत्तरे वहीत लिहा. पहिले उत्तर घरच्या कर्त्या माणसाने द्यावे.