आधी चीक ओळखा, मग झाडाला हात लावा

घाटवाट उतरताना निवडुंगाची एक फांदी वाटेवर आडवी आली होती. पुढच्या गड्याने काठीचा एक फटका हाणला, फांदी तुटली आणि मागून येणाऱ्या मित्राच्या डोळ्यात पांढऱ्या चिकाचा थेंब उडाला. पहिलं मिनिटभर त्याला फारसं काही वाटलं नाही. मग डोळा असा पेटला की तो वाटेतच खाली बसला. आमच्या वाटाड्या मामांनी त्याला आडवं केलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि आमच्या बाटल्यांतलं पाणी बारीक धारेने डोळ्यात सोडत राहिले. एक बाटली संपली की दुसरी. संध्याकाळी शहरात पोहोचेपर्यंत डोळा सुजून बंद झाला होता. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला इजा झाली आहे, पण लगेच धुतलं म्हणून थोडक्यात निभावलं. बरं व्हायला आठवडा लागला.

तेव्हापासून कुठल्याही ट्रेकला निघण्याआधी नव्या मंडळींना मी झाडांच्या चिकाविषयी सांगतोच. आपल्या डोंगरांत अशी झाडं पावलोपावली आहेत. काही आपल्या उपयोगाची आहेत, काहींपासून चार हात लांब राहायला हवं.

चार गोष्टी, चार स्वभाव

झाडातून पाझरणारं सगळं सारखं नसतं. चीक म्हणजे पान किंवा देठ मोडताच येणारा, बहुधा दुधासारखा द्रव. हवा लागली की तो रबरासारखा घट्ट होतो. डिंक खोडाच्या जखमेतून येऊन खडा बनतो. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो. राळ पाण्याला दाद देत नाही, ती तेलात विरघळते आणि आगीत सुगंधी धूर करून जळते. आणि रस म्हणजे पान चुरगळल्यावर निघणारं पाणी.

यातले पहिले तीन हे झाडाने स्वतःसाठी केलेले उपाय आहेत. जखम बुजवायची, किडीचं तोंड चिकटवायचं, पान खाणाऱ्याला अद्दल घडवायची, ही त्यांची कामं. म्हणूनच त्यांतले काही औषधी आहेत आणि काही जहाल.

डोळा सगळ्यांत आधी

निवडुंगाच्या साऱ्या चिकाळ जाती, कुंपणाला लावतात तो शेर आणि खाडीकाठच्या खारफुटीतला गेवा यांचा चीक डोळ्यात गेला तर तीव्र दाह होतो. रुईचा चीक आणखी फसवा आहे. त्याने कधीकधी दुखत फारसं नाही, पण नजर धुरकट होत जाते. गडावरच्या मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पानं खुडली की हात साबणाने धुवा आणि तोवर डोळ्यांना लावू नका.

चीक डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. स्वच्छ पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटं सतत धुवा. दूध, मध, तेल, दुसऱ्या झाडाचा रस असं काहीही घालू नका. आणि दुखणं थांबलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

याच निवडुंगाचा आयुर्वेदात मोठा उपयोग आहे. भगंदरावरचं क्षारसूत्र करताना दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण 21 थर चढवतात. पण ते वैद्यांच्या हातचं काम. वाटेवर कुणी चामखिळीवर किंवा दुखऱ्या दातावर हा चीक लावायला सांगितलं तर ऐकू नका.

बिब्बा : नाव घेतलं तरी सावध

चांगल्या कामात बिब्बा घालणं ही म्हण उगाच पडलेली नाही. हिवाळ्यात झाडाला फळं येतात. खाली केशरी मांसल देठ आणि त्याच्या टोकाला काळी चकचकीत बी. केशरी भाग सुकवून 'बिब्ब्याची फुलं' म्हणून खातात, बीच्या आतला गर म्हणजे गोडंबी. या दोन गोड गोष्टींच्या मध्ये, बीच्या टरफलात, दाट काळपट तेल भरलेलं असतं. परीट पूर्वी त्यानेच कपड्यांवर न धुपणारी खूण करत.

हे तेल कातडीला लागलं की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खाज, सूज आणि पाण्याने भरलेले फोड येतात. यालाच 'बिब्बा उतला' म्हणतात. आंबा आणि काजू त्याच कुळातले, म्हणून कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की काहींचं तोंड उततं.

लागल्याचं कळताच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, नखांच्या आतूनही. ते कपडे आणि सॅकचा पट्टाही धुवा, नाहीतर तिथलं तेल पुन्हा लागेल. मग खोबरेल तेल लावायला हरकत नाही. चेहरा सुजला, श्वास अडखळला किंवा फोड पसरले तर थेट दवाखाना. भेगाळलेल्या टाचेवर बिब्ब्याचा चटका देण्याची जुनी रीत आहे, ती भटक्यांनी अजमावू नये. आणि बिब्ब्याचं लाकूड चुलीत घालू नका, धूरही बाधतो.

खरचटलं, कापलं, मार लागला

दगडी पाला, म्हणजेच एकदांडी, जवळजवळ प्रत्येक वाटेच्या कडेला असतो. दातेरी, लवदार पानं आणि वीतभर उंच बारीक दांडीवर एकच पिवळसर फूल. पानं चुरगळून रस जखमेवर पिळायचा, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. मूळ अमेरिकेतली ही वनस्पती आपल्याकडे इतकी रुळली आहे. मोगली एरंडाचा चीकही रक्त थांबवायला लावतात. देठाच्या वळशात त्याचे फुगे काढून मुलं खेळतात, पण त्याच्या बिया चवीला बऱ्या लागल्या तरी उलट्या-जुलाब करतात. मुलं सोबत असतील तर हे आवर्जून सांगा.

तरीही क्रम चुकवू नका. जखम आधी पिण्याच्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा, पट्टी बांधा. पानाचा रस फक्त किरकोळ खरचटण्यावर, पान धुऊन, आणि जवळ दुसरं काही नसेल तेव्हाच. मातीतली जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना विचाराच.

उन्हाने कातडी भाजली तर कोरफडीचा गर थंडावा देतो. मात्र पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक येतो तो आधी निथळू द्या. तोच आटवून काळा बोळ करतात. मुक्या मारावर तो उगाळून लावण्याची रीत आहे. पोटात घेतला तर मात्र जोरदार रेच होतो.

हात चिकट झाले तर

फणस सोलताना कोकणात विळीला आणि हाताला आधी तेल चोळतात. वाटेवर कच्ची करवंदं खाऊन ओठ चिकटले, तरी उपाय तोच. चीक नुसत्या पाण्याने सुटत नाही, तेलाने सुटतो. दोन थेंब खोबरेल चोळा आणि मग साबणाने धुवा. हा झाला साध्या, निरुपद्रवी चिकाचा उपाय. बिब्बा किंवा निवडुंग असेल तर साबण आधी.

म्हणून सॅकमध्ये साबणाची वडी, खोबरेलाची डबी, पट्टी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पिण्यापलीकडे एक जादा बाटली पाणी हवंच.

डिंक पाहा, ओरबाडू नका

शिदोरीतल्या डिंकाच्या लाडवाचा डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. बाळंतिणीच्या लाडवातलं कमरकस म्हणजे पळसाचा लाल डिंक. पांढऱ्या खोडाचं, चांदण्यात भुतासारखं दिसणारं कांडोळ असा डिंक देतं की तो पाण्यात कितीतरी पट फुगतो. कवळी बसवण्याच्या पावडरीत तो वापरतात. कोरड्या पानझडी रानात डिकेमालीच्या फांदीचं टोक जवळून पाहा. कोवळ्या कळीवर पिवळा, काचेसारखा थेंब लकाकत असतो. त्याला उग्र वास येतो. गुरांच्या जखमेवर माशा बसू नयेत म्हणून तो लावतात.

हे पाहून खोडावर कोयता मारायचा मोह होतो. तो आवरा. घाव घालून डिंक काढल्याने कांडोळाची झाडं अनेक भागांत वाळून गेली. राजस्थान आणि कच्छमधला गुग्गुळ तर आज अतिसंकटग्रस्त ठरला आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवान्याशिवाय वनोपज नेणं गुन्हा आहे. डिंक गोळा करण्याचा हक्क 2006च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना दिला आहे. आपल्याला डिंक हवा तर पायथ्याच्या आठवडी बाजारात त्यांच्याकडूनच रास्त भावाने घ्यावा.

त्या दिवशी मित्राचा डोळा धुऊन झाल्यावर पुढच्याच वळणावर पुन्हा निवडुंग आडवा आला. मामांनी काठी त्याच्या फांदीखाली अलगद घातली, फांदी वर उचलून धरली आणि आमच्यातला शेवटचा माणूस वाकून पलीकडे जाईपर्यंत तशीच धरून उभे राहिले.