रेझिन घट्ट होईपर्यंत धीर धर

चि. भाचीस,


छत्तीसगडमधल्या अहिवाऱ्यात घरच्या घरी तू एपॉक्सी रेझिनचे ट्रे आणि दारावरच्या पाट्या करू लागलीस, याचा सगळ्यांना आनंद आहे. वस्तू करायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. उरलेल्या रेझिनचं काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही.

एपॉक्सीचा मुख्य धोका ते ओलं असतानाचा. योग्य प्रमाणात मिसळून पूर्ण घट्ट झालं, की ते बहुतांशी निरुपद्रवी प्लास्टिक होतं. कच्चं रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मात्र कातडीला ॲलर्जी जडवतात. ती सहसा जन्मभर सुटत नाही. मग थेंबभर लागलं तरी पुरळ उठतं.

हा त्रास फक्त करणाऱ्यालाच होतो असं नाही. छत्तीसगडच्या छोट्या शहरांत दारोदार कचरा गोळा करतात त्या बचत गटांच्या बायका, म्हणजे स्वच्छता दीदी. अंबिकापूरने ही पद्धत रुळवली, मग ती राज्यभर गेली. कचरा वेगळा करण्याच्या केंद्रावर बसून त्या एकेक वस्तू हाताने वेगळी करतात. कच्च्या रेझिनने चिकट झालेला ग्लास त्यांच्या हाती पडणं हा अन्याय आहे.

म्हणून लागेल तेवढंच मोजून कालव. तरीही उरलं, तर ग्लास तसाच कचऱ्यात टाकू नकोस. घट्ट होताना मिश्रण तापतं; खोल भांड्यात ती उष्णता कोंडते, कधी उकळत्या पाण्याहूनही वर जाते, धूर येतो. शेजारी कागद असला तर आगीची भीती. ते पॉलिथिनवर पातळ पसरून मोकळ्या हवेत, लेकरांपासून लांब ठेव. रेझिन लागलेल्या काड्या, हातमोजेही तसेच ठेव. हाताला चिकटलं नाही म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. डब्यावर लिहिलेली मुदत पुरी होऊ दे.

भांडी-हत्यारं पुसलेल्या ॲसिटोनच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, गॅसपासून दूर. ॲसिटोनची वाफ थंडीतही पेट घेते. हाताला रेझिन लागलं तर साबण वापर, ॲसिटोन नको. मोरीत काहीच ओतायचं नाही.

उरलेलं जाळून टाक, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. अहिवाऱ्यात सिमेंटचा कारखाना आहे, त्यावरून बघ: सिमेंटचा क्लिंकर भाजायला सुमारे १४५० अंश लागतात. तसल्या भट्टीत काही धोकादायक कचरा जाळता येतो, पण परवानगी घेऊनच. परसातल्या जाळाला ती धग नसते. त्यातून विषारी धूर तेवढा निघतो.

२०१६च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत कारखान्यांतला रेझिनचा उरलासुरला भाग, माखलेल्या चिंध्या आणि रिकामे डबेही येतात. तुझा घरगुती पसारा त्या मापाचा नाही. पण धंदा वाढला, तर राज्याच्या पर्यावरण संरक्षण मंडळाच्या भिलाईच्या कार्यालयात आधी विचार. तोवर न मिसळलेलं रेझिन-हार्डनर घट्ट बंद करून, वर नाव लिहून, घरगुती धोकादायक कचरा म्हणून नगरपालिकेकडे वेगळं दे. आणि रिकाम्या बाटलीला भोक पाड, कोणी पाणी किंवा तेल भरायला नेऊ नये.

तुझा,
मामा