पडीक जमिनीविषयी पाठ

देवळीकडील शेत एका दिवसात ओस पडत नाही. धनी पोटासाठी शहरास जातो, बैल विकले जातात, मग काळ्या मातीत कुंदा व हरळी शिरतात. तीनचार पावसाळ्यांनंतर लोक म्हणतात, "ही जमीन गेली." बंधुजनहो, असे समजून स्वस्थ बसू नये. प्रथम जमिनीची जात ओळखावी.

1. जमीन काळी व खोल असल्यास ती पुन्हा पिकास आणावी. कुंद्याच्या मुळ्या खोल जातात. वरवर वखरल्याने त्या मरत नाहीत. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून मुळ्या वेचाव्या व ढेकळे उन्हात तापू द्यावी. पावसाळ्यात ताग पेरून तो फुलावर येताच गाडावा.

2. जमीन बरड वा मुरमाड असल्यास तेथे कपाशीचा हट्ट धरू नये. उतारास आडवे बांध घालून निंब, बाभूळ, बोर व सीताफळ लावावे.

रोपे जगविणे मात्र एकट्याचे काम नव्हे; शेजाऱ्याची एक मोकाट बकरी वर्षाचे श्रम खाऊन जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे 1990 नंतर गावाने मिळून चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि डोंगरउतारावर चर खोदले. पुढे गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली.

परक्याची जमीन कसणाऱ्याने मुदतीचा लेखी करार आधीच करावा. नाहीतर घाम आपला आणि झाड दुसऱ्याचे असे होते.

प्रश्न : आपल्या गावी कोणते शेत ओस आहे? त्याचा धनी कोठे आहे? येत्या चैत्रापूर्वी त्यास पत्र कोण लिहील?